‘त्यांना झेपेल का?’

परदेशवारीचा विषय निघाला की आमच्या कँटीनमध्ये नेहमी दोन तट पडतात. पहिला तट म्हणतो, आपलं आपण ठरवावं, पाठीला सॅक लावावी आणि वाटेल तिथे उतरावं. दुसरा म्हणतो, छे, एवढा खर्च करतोय तर सगळं बघून यावं. ग्रुप टूर बरी, सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या गुलाबजामपर्यंत कशाची चिंता नाही. गंमत अशी की हे दोन्ही तट बऱ्याचदा एकाच माणसात नांदतात. स्वतःचं आणि बायकोचं (किंवा नवऱ्याचं) तिकीट काढताना तो पहिल्या तटात असतो. आई-बाबांना पाठवायची वेळ आली की गुपचूप दुसऱ्यात जाऊन बसतो. का रे बाबा, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "अरे, त्यांना झेपेल का?"

माझं या वाक्याशी जुनं भांडण आहे. आजचा लेख त्याबद्दलच.

माझं म्हणणं थोडक्यात असं. मोठी रजा मिळत असेल, पैसे साठलेले असतील आणि आई-बाबा अजून हिंडते-फिरते असतील, तर तिन्ही पिढ्यांनी मिळून जावं, एकाच ठिकाणी मुक्काम ठोकावा आणि रोज चालावं. हो, चालावं! आणि देश निवडताना तिथे ‘बघण्यासारखं’ काय आहे यापेक्षा तिथे पायी चालायची सोय कशी आहे हे आधी बघावं. हा निकष लावला की यादीत स्वित्झर्लंड फार वर येतो, आणि त्याचा बर्फाशी काही संबंध नाही.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. ग्रुप टूरची टिंगल करण्याची सध्या फॅशन आहे, ती मला अजिबात पटत नाही. ज्यांनी पहिला पासपोर्ट साठीत काढला, ज्यांना इंग्रजीत चार वाक्यं बोलायचा धीर नव्हता, अशा हजारो लोकांना मराठी बोलणारा टूर मॅनेजर सोबत देऊन आल्प्सपर्यंत नेणं हे लहान काम नाही. परक्या देशात संध्याकाळी ताटात वरण-भात दिसला तर काय वाटतं, हे ज्याला पथ्य आहे त्याला विचारा. पण त्या टूरचा दिवस जरा डोळ्यांसमोर आणा. पहाटे उठून बॅग भरा, साडेसातला बस, तीन तास प्रवास, चाळीस मिनिटं फोटो, पुन्हा बस, जेवण, पुन्हा बस, रात्री नवीन हॉटेल. बॅग उचलणं, घड्याळाकडे बघत धावणं, स्वच्छतागृहाची वेळ सांभाळणं ही सगळी दमवणारी कामं आपण सत्तरीच्या माणसांना देतो आणि आरामशीर प्रवास पस्तिशीचे लोक करतात. झेपेल का हा प्रश्न खरं तर तिथे विचारायला हवा.

आम्ही पाच जण गेलो होतो. आई (६८), बाबा (७२), बायको, नऊ वर्षांची लेक आणि मी. एकूण बावीस दिवस, भर जुलैमध्ये, आणि त्यातले एकोणीस दिवस एकाच गावात. गावाचं नाव लाउटरब्रुनेन, बर्न प्रांतातलं. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि बाल्कनी असा भाड्याचा फ्लॅट. सुमारे ८०० मीटर उंचीवरची ही दरी दोन्ही बाजूंनी उभ्या कड्यांमध्ये बसवलेली आहे आणि त्या कड्यांवरून धबधबे कोसळत असतात. ७२ आहेत म्हणतात. लेकीनं एकोणीसपर्यंत मोजले, मग तिला वासरू दिसलं आणि गणित तिथेच संपलं. त्यातला श्टाउबबाख नावाचा धबधबा २९७ मीटरचा, अगदी गावाच्या डोक्यावर. कोकणकडा पाहिलेल्या माणसाला ही दरी फार परकी वाटत नाही. फक्त इथे कड्याच्या पायथ्याशी रेल्वे स्टेशन आहे, आणि गाडी वेळेवर येते.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे पाट्या.

स्वित्झर्लंडमधल्या खुणा केलेल्या पायवाटांची लांबी ६५,००० किलोमीटरहून जास्त आहे. पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटर. म्हणजे एवढ्याशा देशात पृथ्वीला दीड प्रदक्षिणा घालून वर उरेल एवढी पायवाट! आणि तिच्या फाट्याफाट्यावर पिवळी पाटी. त्या पाटीवर पुढच्या ठिकाणाचं नाव असतं आणि तिथे पोचायला किती वेळ लागेल ते असतं. किलोमीटर नाहीत, वेळ. पाटीचं टोक नुसतं पिवळं असेल तर वाट सोपी. टोकावर पांढरा-लाल-पांढरा पट्टा असेल तर डोंगरवाट, तिथे पाय स्थिर हवा आणि उंचीची भीती नको. पाटीच निळी असली आणि टोकावर पांढरा-निळा-पांढरा पट्टा असला, तर तो प्रांत गिर्यारोहकांचा. आमचा नियम सोपा होता. पिवळं टोक डोळे मिटून, लाल पट्टा असेल तर आधी चौकशी करून, आणि निळी पाटी फक्त फोटोपुरती.

ही वेळ काढतात कशी, हे शोधल्याशिवाय मला चैन पडेना (धंद्याची खोड, दुसरं काय). सपाट वाटेवर ताशी ४.२ किलोमीटर असा वेग धरलेला आहे, आणि चढ-उताराचा हिशोब करायला जे सूत्र वापरतात ती चक्क पंधराव्या घाताची बहुपदी आहे. पंधराव्या! आमच्याकडे प्रोजेक्टचं एस्टिमेट देताना बोटांवर मोजतात आणि मग त्याला दोननं गुणतात. अर्थात त्या पाटीवरच्या वेळेत विश्रांती धरलेली नसते, त्यामुळे आम्हालाही आमचे गुणक काढावेच लागले. आई-बाबांसाठी २. लेकीचा गुणक चॉकलेट शिल्लक असेपर्यंत ०.९ आणि संपल्यावर ३.

ऐकायला हे किरकोळ वाटेल, पण माझ्या मते सगळी सहल त्या पाट्यांवर उभी होती. वयस्कर माणसाला चालण्याची भीती नसते, अनिश्चिततेची असते. अजून किती आहे? पुढे बसायला मिळेल का? परत फिरावं लागलं तर? आपल्याकडे याचं उत्तर "हे काय, आलंच" असं देतात आणि ते कधीच खरं नसतं. तिथे पाटी खरं बोलते. चौथ्या दिवसापासून बाबा नकाशा घेऊन बाल्कनीत बसायला लागले आणि उद्या कुठे जायचं ते आम्हाला सांगायला लागले. रिटायर झाल्यापासून घरातला प्रत्येक बेत त्यांना कुणीतरी सांगतं. बेत ते ठरवतायत आणि आम्ही मान डोलावतोय, हे दृश्य दहा वर्षांनी दिसलं.

या पाट्या आल्या कुठून, तीही कथा वाचण्यासारखी आहे. १९३० च्या सुमारास आल्प्सच्या घाटांत मोटारी वाढल्या आणि पायी चालणारा माणूस रस्त्याच्या कडेला गेला. झ्युरिकजवळच्या मायलेन गावचे शिक्षक योहान याकोब एस यांनी पायी चालणाऱ्यांसाठी वेगळ्या वाटा हव्यात आणि देशभर एकसारख्या पिवळ्या पाट्या हव्यात, असा आग्रह धरला. १९३४ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय संघटना उभी राहिली. आणि १८ फेब्रुवारी १९७९ ला स्विस जनतेनं सार्वमत घेऊन पायवाटा थेट राज्यघटनेत घातल्या. तीन-चतुर्थांशापेक्षा जास्त मतं बाजूनं पडली. त्यावरून झालेला कायदा १९८७ पासून लागू आहे. प्रत्येक प्रांतानं, म्हणजे तिथल्या कँटननं, पायवाटांचा आराखडा करायचा, त्या वाटा मोकळ्या आणि सुरक्षित ठेवायच्या, आणि एखादी वाट रस्त्यात किंवा बांधकामात गेली तर तिच्या बदल्यात योग्य ती दुसरी द्यायची. मंडळी, पुन्हा वाचा. वाट गेली तर बदली वाट!

आमची सगळ्यात लाडकी चाल ग्र्युटशाल्प ते म्युरेन. लाउटरब्रुनेन स्टेशनाजवळून केबल कार काही मिनिटांत तुम्हाला जवळजवळ १,५०० मीटरवर नेऊन सोडते. तिथून छोट्या रेल्वेच्या रुळांच्या सोबतीनं साडेचार किलोमीटरची, फारशी चढ नसलेली वाट. समोर, दरीच्या पलीकडे आयगर, मोंख आणि युंगफ्राउ अशी तीन शिखरं ओळीनं उभी. आणि मध्येच विंटरेग नावाचं स्टेशन. हे फार महत्त्वाचं. कुणी दमलं तर तिथे गाडीत बसायचं आणि पुढे म्युरेनला भेटायचं. म्हणजे सगळ्यांनी मिळून निघायचं, पण सगळ्यांनी मिळूनच संपवायची सक्ती नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक चालीला एक्झिट होती. बाहेर पडायचा दरवाजा उघडा असला की माणसं आत जास्त वेळ थांबतात. आईनं विंटरेगला गाडी दोनदा सोडली. "येईल की अर्ध्या तासानं दुसरी," म्हणाली आणि चालायला लागली. म्युरेनला पोचायला आम्हाला अडीच तास लागले.

आईचा उजवा गुडघा उतरताना दुखतो, चढताना नाही, हे आम्हाला आणि तिलाही तिथे चालता चालता कळलं. मग आम्ही सगळा बेतच उलटा केला. चढ असेल तर पायी आणि उतार केबल कारनं. बाकीचे टुरिस्ट बरोब्बर उलटं करत होते, त्यामुळे आम्हाला वाट मोकळी आणि उतरताना गाडीत जागा! वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस ‘ग्रुएसेख’ म्हणतो. हा त्या भागातला नमस्कार. आई दोन दिवस हात जोडून ‘नमस्कार’ म्हणत होती. बाबांनी मात्र पहिल्याच दिवशी त्याचं ‘गुरूशेठ’ करून टाकलं आणि शेवटपर्यंत समोरच्याला शंका आली नाही.

खाण्याचं काय, हा पुढचा प्रश्न. स्वयंपाकघर असेल तर काहीच नाही. स्वित्झर्लंडमध्ये भारतातून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे तूप आणि पेढे घरीच राहिले. गोडा मसाला, मेतकूट आणि भाजणी मात्र गेली. कोऑप आणि मिग्रोस ही तिथली दोन मोठी दुकानं. मसूर डाळ, बासमती तांदूळ, दही, बटाटे सगळं मिळतं. आईनं पहिल्याच संध्याकाळी लोणी आणून कढवलं आणि स्विस लोण्याचं तूप दाणेदार होतं असा निकाल दिला. पण घरचं खायला मिळतंय म्हटल्यावर बाहेरचं चाखायची भीती गेली, हा खरा फायदा. रोश्टी म्हणजे किसलेल्या बटाट्याचं तव्यावरचं थालीपीठच, पूर्वी बर्नकडच्या शेतकऱ्यांची न्याहारी असायची. आल्प्लरमाग्रोनेन हा गुराख्यांचा पदार्थ, त्यात मॅकरोनी, बटाटा, साय, चीज आणि वरून तळलेला कांदा. सोबत सफरचंदाची गोड चटणी. बाबांना ती चटणी बघून साखरांबा आठवला आणि त्यांनी तो पदार्थ चार वेळा मागवला. (खाताना मागवत असाल तर मांस नाही ना, एवढं विचारून घ्या. कधीकधी त्यात डुकराचं मांस घालतात.) शेतावरचं चीज कित्येक ठिकाणी वाटेवरच्या फ्रीजमध्ये ठेवलेलं असतं आणि शेजारी पैशांची पेटी. विकणारा कुणी नाही. लेकीला याचं धबधब्यांपेक्षा जास्त आश्चर्य वाटलं.

आणि ‘पॉइंट’? तेही पाहिले की! युंगफ्राउयोखला गेलो. १८९६ ते १९१२ अशी सोळा वर्षं आयगर आणि मोंखच्या पोटातून बोगदा खणून ३,४५४ मीटरवर रेल्वे नेणाऱ्यांना सलाम करायलाच हवा. उन्हाळ्यात पूर्ण तिकीट दोनशे फ्रँकच्या वर, त्यामुळे वर जाऊन ढग बघणं परवडत नाही. मुक्काम लांबचा असला की इथे कमाल होते. सकाळी वेबकॅम बघायचा, वर ऊन असेल तरच निघायचं. आम्ही नवव्या दिवशी गेलो. त्या दिवशी वर निळंशार आभाळ होतं. ज्यांची बस त्या गावात फक्त मंगळवारी असते, त्यांना मंगळवारचे ढग मिळतात.

याउलट इझेल्टवाल्ड बघा. ब्रिएन्झ तलावाच्या काठचं हे टुमदार गाव. एका गाजलेल्या कोरियन मालिकेत तिथला लाकडी धक्का दिसला आणि फोटोसाठी अशी झुंबड उडाली की २०२३ मध्ये गावानं धक्क्यावर फिरतं फाटक बसवून पाच फ्रँक घ्यायला सुरुवात केली. याच गावापर्यंत गीसबाखच्या धबधब्यापासून तलावाच्या काठाकाठानं दीड तासाची सुरेख पायवाट येते, आणि ती फुकट आहे. आम्ही त्या वाटेनं आलो. धक्क्यावर रांग होती. आम्ही बाजूच्या बाकावर बसून तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या.

आता आक्षेप. पहिला, खर्च. स्वित्झर्लंड स्वस्त नाही, खोटं कशाला बोलू? पण हिशोब नीट मांडा. पायवाटेला तिकीट नाही. महिनाभर चालणारं हाफ फेअर कार्ड घेतलं की बहुतेक रेल्वे, बस, बोटी निम्म्या दरात, आणि आई किंवा वडील सोबत असतील तर फॅमिली कार्डावर सोळा वर्षांखालच्या मुलांचा प्रवास जवळपास फुकट. रोज हॉटेल बदलायचं नाही, रोज हॉटेलात जेवायचं नाही. तरीही रक्कम मोठीच होते, आणि ज्यांना ती शक्य नाही त्यांनी याच पद्धतीनं जवळ कुठे जावं. दुसरा, तब्येत. डॉक्टरांना विचारून जा, विशेषतः ३,००० मीटरच्या वर जाणार असाल तर. शेंगेन व्हिसाला निदान ३०,००० युरोचा विमा लागतोच, पण जुन्या आजारांचं त्यात काय धरलंय ते बारीक अक्षरात वाचा. तिसरा, "एकोणीस दिवस एकाच गावात, कंटाळा नाही आला?" आला. अकराव्या दिवशी धो धो पाऊस पडला आणि सगळ्यांनाच कंटाळा आला. मग बाबांनी लेकीला पत्ते शिकवले आणि आईनं तिला मी लहानपणी काय काय उद्योग केले ते सांगितलं. नऊ देश बघून येणाऱ्यांना असा दिवस मिळत नाही.

आणि आता या सगळ्यामागचं माझं खरं दुखणं. तिथे जी बाई रोज सहा-सात किलोमीटर चालत होती, ती घरी परत आल्यावर सातशे मीटरवरच्या भाजी मंडईत एकटी जात नाही. गुडघा तोच, वय तेच. बदलली ती पायाखालची जमीन. आमच्या भागात फूटपाथ आहे, पण त्यावर डीपीचा खांब आहे, दोन टपऱ्या आहेत, पार्क केलेल्या बाईक आहेत, आणि दर पन्नास फुटांवर गेटसाठी तो एक फूट खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. उतरताना दुखणाऱ्या गुडघ्याला हे किती वेळा करायचं? मग आई गच्चीवर फेऱ्या मारते. आपण म्हणतो, वय झालं, आता झेपत नाही. मे २०२५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की फूटपाथ वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. म्हणजे कागदावर आपणही पोचलो. आता तो हक्क मंडईपर्यंत पोचायचा आहे.

म्हणून म्हणतो, आई-बाबांना घेऊन जा आणि चालवा. त्यांना जग दाखवायला तर जाच, पण ‘झेपत नाही’ हे वाक्य नक्की कशाबद्दल आहे, माणसाबद्दल की रस्त्याबद्दल, हे स्वतः तपासून बघायलाही जा. एकदा ते कळलं की आपल्या वॉर्डातल्या फूटपाथबद्दल गप्प बसणं कठीण होतं. मी परत आल्यापासून आमच्या गल्लीतल्या त्या सातशे मीटरमधले अडथळे फोटोसकट लिहून काढलेत. एकूण ४३ आहेत. तक्रारी टाकल्या आहेत, दोन दूर झालेत, ४१ बाकी.

असो. बेत करणार असाल तर एकच तयारी सांगतो. व्हिसाच्या रांगेत लागण्याआधी दोन महिने दोघांना चांगले बूट घेऊन द्या आणि रोज सोबत चालायला निघा. बाबांचा आणि आईचा गुणक किती ते तेव्हाच काढून ठेवा. पुढचं काम पिवळ्या पाट्या करतात.